अंधारातला फोटो आणि फ्लॅशचं गणित

आमच्या वर्गातल्या मुलांच्या बँडचा कोरेगाव पार्कातल्या एका क्लबमध्ये पहिला कार्यक्रम ठरला, तेव्हा फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. कारण अगदी सोपं होतं. कॅमेरा माझ्याकडे होता! सेकंडहँड डीएसएलआर, त्याच्यासोबतची किट लेन्स आणि वर लावायचा एक फ्लॅश. कार्यक्रम संध्याकाळी सातचा. आमच्यासारख्या एकवीसच्या आतल्यांच्या मनगटावर दारातच वेगळ्या रंगाची पट्टी बांधली होती, म्हणजे बारवर आम्हाला ज्यूस आणि सोडा सोडून काही मिळणार नव्हतं.

रात्री रूमवर येऊन फोटो पाहिले. एकशे ऐंशीपैकी दीडशे तरी सरळ डिलीट करण्यासारखे होते. कुठे नुसता लाल धूर, कुठे चुन्यासारखे पांढरे चेहरे, कुठे गिटारच्या जागी एक रेघ. एक फोटो मात्र एकदम 'क्लिअर' आला होता. त्याच फोटोने पुढे घोटाळा केला. तो काय ते शेवटी सांगते, कारण तो समजायला आधी थोडं फिजिक्स लागेल. घाबरू नका, एफई च्या पलीकडचं काही नाही.

फ्लॅश म्हणजे नेमकं काय?

कॅमेऱ्यावर लावायच्या फ्लॅशमध्ये झेनॉन वायू भरलेली एक छोटी नळी असते आणि तिच्यामागे एक कपॅसिटर. चार पेन्सिल सेलचं जेमतेम पाच व्होल्ट, सर्किट वाढवून तीनशे व्होल्टच्या वर नेतं आणि कपॅसिटर भरतं. (फ्लॅश चालू केल्यावर जी बारीक 'कुंईं' ऐकू येते ती हीच.) समजा कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड आणि व्होल्टेज ३३०. अर्धा सी व्ही स्क्वेअर करा, साधारण ५४ ज्यूल येतात. एवढी ऊर्जा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास नळीतून निघून जाते. म्हणून तर फ्लॅश उघडून 'बघू तरी आत काय आहे' असं करायचं नाही. सेल काढल्यावरही कपॅसिटर भरलेला असू शकतो आणि तो चांगलाच झटका देतो.

ही विजेची चमक विज्ञानात आणि फोटोत आणणारा मोठा माणूस म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन. ते मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९३०च्या दशकात त्यांनी स्ट्रोबोस्कोप वापरून फिरत्या मोटारी 'थांबवून' दाखवल्या आणि पुढे दुधाचा थेंब पडताना उडणारा मुकुट टिपला. लॅबमध्ये मोटरचा वेग मोजायला आपण जो स्ट्रोब वापरतो, क्लबच्या छताला लटकलेला स्ट्रोब आणि माझ्या कॅमेऱ्यावरचा फ्लॅश, ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत.

मोबाइलचा 'फ्लॅश' मात्र या घरातला नाही. तो एलईडी दिवा आहे. त्याचा प्रकाश कमी असतो आणि तो बराच वेळ चालू राहतो. त्यामुळे नाचणारा माणूस त्याने थांबत नाही, फक्त भुतासारखा दिसतो.

वर्गाचा नियम, जो वर्गात कळला नाही

प्रकाशाचा व्यस्त वर्गाचा नियम आपण दहावी-बारावीपासून पाठ केला आहे. अंतर दुप्पट झालं की प्रकाश एक चतुर्थांश. मला तो खरा कळला त्या क्लबमध्ये.

समजा माझ्यासमोर एक मीटरवर एक मुलगी बसली आहे आणि तिच्या मागचे लोक चार मीटरवर आहेत. फ्लॅशचा जेवढा प्रकाश तिच्यावर पडेल, त्याच्या एक सोळांश मागच्यांवर. फोटोग्राफीच्या भाषेत चार स्टॉपचा फरक. कॅमेरा तिचा चेहरा बरोबर दाखवायला गेला की मागचे सगळे काळोखात जातात. तिथे माणसं असतात, पण फोटोत ती नसतात. दिवसा असं होत नाही, कारण सूर्य आपल्यापासून पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. त्याच्या दृष्टीने पुढची आणि मागची माणसं एकाच अंतरावर.

माझं त्या दिवशीचं सेटिंग होतं: आयएसओ २००, एफ ८, शटर १/२०० आणि फ्लॅश ऑटोवर. दिवसा घराबाहेर ढगाळ उजेडात हे छान चालतं. क्लबमध्ये या सेटिंगला तिथले दिवे जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणजे मी क्लबमध्ये जाऊन क्लबच पुसून टाकला होता. उरलं ते फक्त फ्लॅशच्या टप्प्यातलं.

एका फोटोत दोन फोटो

इथे ती युक्ती येते, जिच्यासाठी हा सगळा लेख आहे. फ्लॅश वापरून काढलेला प्रत्येक फोटो म्हणजे खरं तर एकावर एक ठेवलेले दोन फोटो असतात. एक फ्लॅशचा, एक खोलीतल्या प्रकाशाचा.

फ्लॅशची चमक क्षणात संपते. शटर १/२०० सेकंद उघडं असो की १/१५, चमक तेवढीच आत येणार. म्हणून फ्लॅशच्या फोटोवर शटरच्या वेगाचा परिणाम होत नाही; त्यावर फक्त अॅपर्चर, आयएसओ, फ्लॅशची ताकद आणि अंतर यांचा परिणाम होतो. खोलीतला प्रकाश मात्र सतत येत राहतो. शटर जितका वेळ उघडं, तितकी खोली उजळ. थोडक्यात काय, फ्लॅशची ताकद हा माणसाचा नळ आणि शटर हा खोलीचा नळ. दोन्ही वेगवेगळे फिरवता येतात.

मी आता वापरते ते सेटिंग असं: आयएसओ ८००, एफ ४, शटर १/१५. फ्लॅश मॅन्युअलवर, ताकद १/६४, वर प्लॅस्टिकचा डिफ्यूझर. हे आकडे हवेतून आणलेले नाहीत. फ्लॅशवर 'गाइड नंबर' लिहिलेला असतो. माझ्या फ्लॅशचा आयएसओ १०० ला ३६ आहे. गाइड नंबर म्हणजे मीटरमधलं अंतर गुणिले एफ नंबर. आयएसओ आठपट केला की तो आठच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे १०२ च्या आसपास. ताकद १/६४ केली की ६४ च्या वर्गमुळाने, म्हणजे आठाने भागायचं. आले पावणेतेरा. डिफ्यूझर साधारण अर्धा प्रकाश खातो, म्हणून उरले नऊ. नऊ भागिले एफ ४, म्हणजे सव्वादोन मीटर. टेबलापलीकडच्या माणसासाठी नेमकं अंतर!

आणि खोलीचं काय? १/२०० वरून १/१५, एफ ८ वरून एफ ४, आयएसओ २०० वरून ८००. तिन्ही मिळून खोलीचा प्रकाश दोनशे पटींहून जास्त वाढला. आता मागचे लोक, भिंतीवरचे दिवे, स्टेज, सगळं फोटोत येतं.

शटर मात्र १/२०० च्या फार वर न्यायचं नाही. डीएसएलआरच्या शटरला दोन पडदे असतात. वेग वाढला की पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आत दुसरा बंद व्हायला निघतो आणि सेन्सरवरून फक्त एक फट सरकत जाते. अशा वेळी फ्लॅश उडाला की अर्धा फोटो काळा. माझे असे अकरा फोटो होते आणि मला वाटत होतं कॅमेरा बिघडला.

पहिला पडदा, दुसरा पडदा

शटर १/१५ वर ठेवलं तर हात हलणार, माणसं हलणार, मग फोटो हलणार नाही का? हलणार. पण फ्लॅशने टिपलेला चेहरा त्यात स्थिर दिसतो आणि त्याभोवती दिव्यांच्या रेषा येतात. हेच तर हवं असतं! नाचाचा फोटो पुतळ्यासारखा स्थिर आला तर तो नाच वाटत नाही.

फक्त फ्लॅश कधी उडवायचा ते ठरवा. कॅमेरा एरवी तो शटर उघडताच उडवतो. मग माणूस आधी गोठतो आणि त्याच्या रेषा तो पुढे जाईल त्या दिशेला पसरतात. फोटोत तो उलटा चालल्यासारखा दिसतो. मेनूमध्ये 'रिअर कर्टन' किंवा 'सेकंड कर्टन' नावाचा पर्याय आहे. तो निवडला की चमक शटर बंद होण्याच्या जरा आधी येते आणि रेषा माणसाच्या मागे राहतात.

याचा सराव करायला क्लबमध्ये जायची अजिबात गरज नाही. पुण्यात त्यासाठी फुकटची शाळा आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री लक्ष्मी रोड नाहीतर अलका टॉकीजच्या चौकात उभे राहा. मानाचे पाच गणपती पुढे गेल्यावर रोषणाईची मंडळं येत राहतात. अंधार, रंगीत दिवे, गर्दी, धूर, आणि वर ढोलपथक. ढोलावर पडणारं टिपरू हा रिअर कर्टन शिकायचा सगळ्यात सोपा धडा आहे. वादकाचा चेहरा स्थिर आणि टिपरूची रेष ढोलात शिरताना आली, की समजायचं जमलं. मी त्या रात्री चारशे फोटो काढले आणि सकाळी पायाला फोड घेऊन रूमवर आले.

छत काळं असतं

लग्नाचे फोटोग्राफर फ्लॅश छताकडे वळवतात. पांढऱ्या छतावरून प्रकाश पसरून मऊ होऊन खाली येतो. क्लबमध्ये मी तेच करून पाहिलं आणि फोटो काळे आले. कारण क्लबचं छत मुद्दाम काळं रंगवलेलं असतं, आणि काळा रंग प्रकाश परत देत नाही. तिथे छत विसरा. फ्लॅशच्या मागे खिळवलेला पांढरा कार्डपेपरही पुरतो. आमच्या ड्रॉइंगच्या शीटचा तुकडा रबरबँडने बांधून मी दोन कार्यक्रम काढले आहेत.

दुसरी गोष्ट रंगाची. फ्लॅशचा प्रकाश उन्हासारखा पांढरा असतो, खोलीतला पिवळा-नारिंगी. त्यामुळे चेहरा निळसर आजारी दिसतो. फ्लॅशवर फिका नारिंगी जिलेटिन कागद लावला की चेहरा त्या खोलीतला वाटतो.

जिथे फ्लॅश नकोच

भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका चालू असताना किंवा सवाई गंधर्व महोत्सवात गायक डोळे मिटून आलाप घेत असताना फ्लॅश उडवणाऱ्याला पुणेकर काय ऐकवतात ते मी इथे छापू शकत नाही. आणि ते बरोबरच आहे. १९६३ पासून चालू असलेल्या स्पर्धेत वर्षभर तालीम करून आलेल्या मुलाला ऐन वाक्याला डोळ्यांपुढे पांढरा गोळा दिसावा, हा अन्याय आहे. शिवाय प्रकाशयोजना करणाऱ्याने जो अंधार मेहनतीने बांधलेला असतो, तो आपण एका बोटाने मोडतो.

अशा वेळी आहे त्या प्रकाशातच काढायचं. आयएसओ वाढवला की फोटो 'दाणेदार' होतो अशी सगळ्यांची तक्रार असते. पण दोष आयएसओचा कमी आणि प्रकाशाच्या तुटवड्याचा जास्त. एका पिक्सेलवर 'एन' फोटॉन पडले तर त्यांच्यातला चढउतार 'एन'च्या वर्गमुळाएवढा असतो. दहा हजार फोटॉनला शंभर, म्हणजे एक टक्का. शंभर फोटॉनला दहा, म्हणजे दहा टक्के. अंधारात फोटॉनच कमी येतात, म्हणून दाणे दिसतात. उपाय म्हणजे प्रकाशाची वाट पाहणे. पन्नास एमएमची एफ १.८ ची लेन्स स्वस्त असते आणि किट लेन्सच्या लांब टोकाच्या मानाने जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते.

थांबायचं कशासाठी तेही सांगते. एलईडीचा शुद्ध लाल दिवा चेहऱ्यावर असताना फोटो काढू नका. सेन्सरचे साधारण एक चतुर्थांशच पिक्सेल लाल रंग पाहतात. ते भरून वाहतात, बाकीचे रिकामे राहतात आणि चेहरा टोमॅटोसारखा सपाट होतो. दिवा पिवळा किंवा पांढरा होईपर्यंत थांबा. दिवे गाण्याच्या लयीत बदलतात. दोन मिनिटं नुसतं ऐकलं की कधी बदलणार ते कळतं.

फोटोवर आडवे पट्टे आले तर तेही कॅमेऱ्याचं दुखणं नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुनी ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. एलईडी दिवे त्यांच्या सर्किटप्रमाणे आणखी वेगाने लुकलुकतात. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, तेव्हा काही ओळींना दिवा चालू सापडतो, काहींना बंद. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा आणि 'सायलेंट' मोड बंद करा. ट्यूबचे पट्टे जातात आणि एलईडीचेही बरेच कमी होतात.

मोबाइलवाल्यांसाठी: फ्लॅश बंद. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा. 'नाइट मोड' अनेक फोटो एकत्र करून बनतो, म्हणून तो स्थिर माणसांसाठी ठेवा, नाचणाऱ्यांसाठी नको.

आणि लेझर. लेझरचा झोत कॅमेऱ्यात सरळ शिरला तर सेन्सरचे पिक्सेल कायमचे जळू शकतात. डोळ्यांचं तर विचारूच नका. २०२३ च्या गणेशोत्सवात लेझरमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या पुण्या-कोल्हापुरातून आल्या आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी उत्सवात लेझर दिव्यांना बंदी घातली. क्लबमध्ये झोत गर्दीवर फिरत असेल तर कॅमेरा खाली करा. लेन्स आणि डोळा दोघांचं एकच औषध: तिकडे बघू नका.

आता तो फोटो

त्या रात्री बँडचं झाल्यावर आम्ही नऊजण एका लांब टेबलाला बसलो होतो. एका मैत्रिणीचा वाढदिवस होता. मी समोरून एक फोटो काढला. ती हसते आहे, तिच्या खुर्चीच्या पाठीवर वर्गातल्या एका मुलाचा हात आहे, तिच्यासमोर ग्लास आहे. हाच तो एकमेव 'क्लिअर' फोटो. मला तो इतका आवडला की मी तो तिला न विचारता टाकला.

आता वरचं गणित परत लावा. ती एक मीटरवर होती. बाकीचे सहाजण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, तीन-चार मीटरवर. ते काळोखात गेले. केक गेला. तिच्या बाजूच्या मुलाचा चेहरा फ्रेमच्या बाहेर होता आणि त्याचा हात मागच्याला बोलावण्यासाठी उठला होता, तो मध्येच गोठला. ग्लासात सफरचंदाचा ज्यूस होता. फ्लॅशमध्ये तो असा सोनेरी चमकला की पाहणाऱ्याने पाहिजे ते समजावं. नऊ जणांच्या वाढदिवसाचं झालं एक मुलगी, एक अनोळखी हात आणि एक ग्लास. फोटोत खोटं काहीच नव्हतं. फक्त एक सोळांश नियमाने खरं तेवढं पुसलं होतं.

दोन दिवसांत तो फोटो फिरत फिरत तिच्या गावी पोचला. तिसऱ्या दिवशी तिचे बाबा आले. ते ओरडले नाहीत, काही बोललेच नाहीत, तेच जास्त कठीण होतं. मी त्यांना बाकीचे फोटो दाखवायला कॅमेरा घेऊन खाली गेले, तर ते म्हणाले, "बेटा, हे तू आधी दाखवायचं होतंस." तिने हॉस्टेल सोडलं. आता ती चिंचवडला मामांकडे राहते, सकाळी सहाला निघते आणि पहिल्या लेक्चरला डुलक्या काढते. प्रॅक्टिकलला आम्ही एकाच बॅचमध्ये आहोत.

नंतर एकदा आफ्रिकेतल्या माली देशाचे फोटोग्राफर मालिक सिदिबे यांच्याबद्दल वाचलं. साठच्या दशकात बामाको शहरातल्या तरुणांच्या नाचाच्या पार्ट्यांना ते कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन जात, एका रात्रीत अनेक ठिकाणी. मग छोट्या प्रिंट काढून कागदावर चिकटवून स्टुडिओत ठेवत. नाचणारी मुलं-मुली येऊन आपापले फोटो निवडत, हवे ते विकत घेत. २००३ मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, जगभर त्यांची प्रदर्शनं भरली. पण मला त्यातलं एवढंच लक्षात राहिलं की फोटो आधी त्यातल्या माणसाकडे जात होता.

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत. एक, फोटो काढल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो त्या माणसाला तिथल्या तिथे दाखवायचा, आणि 'नको' म्हटलं तर त्याच्यादेखत डिलीट करायचा. दोन, टेबलावरच्या ग्लासांकडे आणि फ्रेमच्या कडेने आत आलेल्या हातांकडे शटर दाबायच्या आधी पाहायचं. तीन, शटर १/१५ वर ठेवायचं. हा तिसरा नियम तुम्हाला तांत्रिक वाटेल. पण मागची माणसं दिसली पाहिजेत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचायला दिला. प्रॅक्टिकलच्या वेळी तिने तो सगळा वाचला, पेनने एक ओळ खोडली (ती ओळ तुम्ही वाचलेली नाही) आणि विचारलं, "सव्वादोन मीटर कसं आलं ते परत सांग." मी जर्नलच्या मागच्या पानावर परत सांगितलं. या वर्षीच्या गॅदरिंगला दुसरा कॅमेरा ती धरणार आहे. साडेनऊची शेवटची बस चुकू नये म्हणून तिला पहिला अर्धा कार्यक्रम दिला आहे.